शालनच्या नावानं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी मोबाईल काढून बसते. आजही त्यांवर माझा विश्वास नाही... पण हे कुठंतरी सांगायला हवं, म्हणून नावं बदलून लिहितेय.

धाराशिवच्या एका ऑफिसात मी कंत्राटी ऑपरेटर आहे. जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात पूर्वी मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्या भरपाईचे अर्ज मी भरून घ्यायचे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला पोर्टल कायमचं बंद होणार होतं.

चारच्या सुमारास ढोकीकडच्या कमलताई आल्या. हजेरीपटावर त्यांचं नावच नव्हतं.

"कसं असंल मॅडम? आईबाप ऊसतोडीला गेले की दिवाळीनंतर आमाला तिथं सोडायचे. पट तवर भरलेला. मग जी पोरगी गेलेली असंल, तिच्या नावानं हजेरी लावायचे. मी दोन वर्सं शालन हुते."

पटावर नाव नसेल तर तिथं राहिलेली एक साक्षीदार लागायची. कमलताईंकडे कुणीच नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणत त्या पिशवी घेऊन उठल्या... तेवढ्यात एक बाई आत आली. त्यांच्याच वयाची, विटकी साडी.

"बस गं खाली. माझ्या नावाचा मार खाल्लास, आन् आता निघालीस व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी शालन. ही दाराला पाय लावून झोपायची मॅडम. कुणी उघडू नये म्हणून."

कमलताईंना रडू फुटलं. हे आपण नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

बाईकडे आधार नव्हतं. नियमात बसत होतं, म्हणून शाईचा अंगठा घेतला. 'साक्षीदार समक्ष हजर' याखाली मी सही केली. पाचाला दहा मिनिटं असताना अर्ज सबमिट झाला. वर पाहिलं तर ती गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधताना जळकोटचा एक आधीचा अर्ज हातात आला — शालनच्या भावाचा. बहीण दहाव्या वर्षी वसतिगृहातच वारली. सोबत मृत्यूचा दाखला.

वाटलं, कमलताईंनीच कुणालातरी उभं केलं असेल. पण दाराला पाय लावून झोपल्याचं त्या कुणाला बोलल्याच नव्हत्या. आणि शालन गेली, म्हणूनच तर तिचं नाव त्यांना मिळालं... मग तिनं त्यांना झोपलेलं पाहिलं कधी?

छाननीच्या वेळी साहेबांनी विचारलं, "साक्षीदार तुम्ही स्वतः पाहिली ना?"

दाखल्याचं बोलले असते तर कमलताईंचा अर्ज तिथंच बाद झाला असता.

"हो सर. माझ्यासमोर उभी होती."

यात खोटं काहीच नाही. ती कोण होती, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.