आईच्या टाळूला माती लावताना

आईचा उजवा हात मोडला आणि तिचं डोकं धुवायचं काम माझ्याकडे आलं. सावर्ड्याच्या घरी ती आयुष्यभर मुलतानी मातीनेच केस धुवायची, तेही न्हाणीचं दार लावून. मी माती ताकात कालवली.

"मधे चोळू नको हां, कडेकडेने लाव," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. माझी बोटं टाळूवर गेली आणि थबकली. एरवी घट्ट अंबाड्याखाली झाकलेल्या तळहाताएवढ्या जागेत एकही केस नव्हता.

"आई, हे काय? डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवायचं काय त्यात? चिरे वाहून गेले केस."

"कसले चिरे?"

"तू शाळेत जायचीस तेव्हा मी खाणीवर जायचे, डोक्यावरून जांभ्या दगडाचे चिरे वाहायला."

ती आंब्याच्या बागेत गवत काढायला जाते, असंच तिने मला सांगितलं होतं.

"बाबांना माहीत होतं?"

"ते मुंबईला. त्यांना कोण सांगणार?"

माझी बोटं त्या जागेभोवती फिरत राहिली.

"अगो, पाणी घाल, माती सुकली," ती म्हणाली. मी तांब्या उचलला आणि टाळूच्या मधोमध हलकेच पाणी ओतलं.