कराडला दिसणारी चित्रं सांगलीत कोरी

गुरुवार, सकाळचे साडेदहा. १९९९ सालचा मार्च महिना. सांगलीच्या हळद बाजारात एका पेढीवर मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि पडद्यावर नुसते राखाडी चौकोन दिसत होते...

बारावीला गटांगळी खाल्ल्यावर मी कडेगावहून कराडला क्लासला जायचो. तिथं जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलो, म्हणजे पुस्तकात होतं तेवढी. माझे दाजी या पेढीवर टेम्पो चालवायचे. शेठना हळदीच्या वजनाच्या नोंदी कॉम्प्युटरवर हव्या होत्या आणि दाजींनी त्यांना शब्द दिला होता, "आमचा मेव्हणा करतो की प्रोग्रॅम." प्रोग्रॅम चालला तर मला तिथंच ऑपरेटरची नोकरी मिळणार होती.

शेठचे थोरले भाऊ माल बघायचे, बटणं त्यांनाही दाबता यायला हवी होती आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या मशीनवर मराठी अक्षरं उमटत नव्हती. म्हणून मी प्रत्येक बटणावर चित्र टाकलं होतं... हळकुंड, गड्डा, चुरा हे हळदीचे प्रकार, आणि वजनाला तराजू. सगळं एका जार फाइलमध्ये बांधलं होतं. जार म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइली, सगळ्यांचं एकच गाठोडं. फ्लॉपीवर घालून न्यायला सोपं.

कराडला सगळी चित्रं दिसायची. सांगलीत एकही नाही. आणि पडद्यावर चूक म्हणून काही येतही नव्हतं, तेच जास्त भीतीदायक होतं.

"काय रं, दाबायचं कुठं ह्यात?" शेठ म्हणाले. "नुसती फरशी बसवलीयास."

दाजी मागून म्हणाले, "आवं शेठ, कराडला लय झ्याक चालतंय. म्या सोता बघितलंय." दाजी त्या क्लासची पायरीही कधी चढले नव्हते. मी खाली बघत राहिलो.

"मंगळवारी सौदा हाय. सोमवारपातुर दाखव. न्हाईतर तयार प्रोग्रॅमवाला बलिवतो, त्याच्या माणसासकट."

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "गड्या, फ्लॉपीत हळद गेली आसल." मला ते पटलं! त्या पेढीवर की-बोर्डसुद्धा पिवळा होता. शुक्रवारी कराडला जाऊन नव्या फ्लॉपीवर जार घेतली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात. एसटीत डबा मांडीवर धरून बसलो होतो, शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाला डबा चाललाय?"

सांगलीत पुन्हा कोरे चौकोन... मी जार उघडून आतल्या फाइलींची यादी बघितली. सगळी चित्रं आत होती. आत आहेत, मग दिसत का नाहीत? मला खरंच वाटायला लागलं की दोष माझ्यातच आहे, मी शिकायलाच नको होतं.

रविवारी पुन्हा क्लासला गेलो. आमच्या क्लासचा एक नियम होता. डिस्क लहान, पोरं जास्त, म्हणून दर शनिवारी सर मशीनवरची सगळ्यांची फोल्डरं उडवायचे. ज्याचं त्यानं फ्लॉपीवर सांभाळायचं. मी फ्लॉपीवरून जार मशीनवर घेतली आणि चालवली.

कोरे चौकोन. कराडलाही!

शेजारचा पोरगा म्हणाला, "आरं, बिघडलं की रं तुझं." आणि मी हसायलाच लागलो. कारण मशीन तेच, जार तीच. गेलं होतं फक्त माझं चित्रांचं फोल्डर, जे दर आठवड्याला मी फ्लॉपीवरून परत जारच्या शेजारी टाकायचो आणि आज टाकलं नव्हतं... म्हणजे माझा प्रोग्रॅम गाठोड्यात कधी बघतच नव्हता. तो शेजारच्या फोल्डरमधली चित्रं उचलत होता. मी त्याला डिस्कवरचा पत्ता दिला होता आणि सांगलीच्या डिस्कवर तसलं फोल्डरच नव्हतं.

सोपा उपाय होता, फोल्डरही सांगलीला न्यायचं. पण तिथंही कुणी सफाई केली तर? म्हणून पुस्तक उघडून getResource शोधलं, म्हणजे गाठोड्यातूनच काढून दे असं सांगणं. आधी तेही चालेना. पत्त्याच्या सुरुवातीला एक तिरकी रेघ दिली आणि हळकुंड दिसलं... ती रेघ का लागते, हे तेव्हा मला अजिबात कळलं नव्हतं. मी वहीत फक्त ‘लागते’ एवढंच लिहिलं.

सोमवारी पेढीवर थोरल्या भाऊंनी स्वतः बटणं दाबून बघितली. हळकुंड, गड्डा, चुरा. दोन वेळा. आणि उठून पोती बघायला गेले. मला वाटलं, संपलं.

मग शेठनी माझ्या पायांकडे बघितलं. "चपला पायरीवर काढल्यास व्हय? तिथं गिऱ्हाइकं काढत्यात. आपल्या माणसांच्या आत, त्या फळीवर."

मला आधी समजलंच नाही. दाजींनी खूण केली तेव्हा समजलं... जाऊन चपला आणल्या आणि फळीवर दाजींच्या चपलांशेजारी ठेवल्या.

सर, त्या शनिवारी तुम्ही माझं फोल्डर उडवलंत... तुमचे उपकार आहेत.