साडूचा डबा आणि माझी ट्रंक

माझा साडू विलास माणूस म्हणून अजिबात वाईट नाही, आणि त्याच्याबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

तो निर्व्यसनी आहे, गोड बोलतो, बायकोला पिशवी उचलू देत नाही. इथवर मी सहन केलं. पण मग त्यानं बॅटरीचा डबा घेतला. लिथियमची बॅटरी! वर धरायला मूठ, पुढं लुकलुकणारे आकडे, बाजूला प्लग. लाईट गेली की पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं त्याच्यावर. आवाज नाही, धूर नाही, वरचेवर पाणी घालायची कटकट नाही.

आता बघा, विलास मंचरला कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालतो. आणि मी? आळेफाट्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे! जुन्नर तालुक्यातल्या कितीतरी विहिरी माझ्या जिवावर उपसतात. वीज हा माझा प्रांत. आणि आमच्या घरातली लाईट गेली की सुनंदा (म्हणजे माझी बायको) मेणबत्ती लावता लावता म्हणायची, "आमच्या मंदीकडं आत्ता मालिका चालू आसंल." (मंदी म्हणजे तिची धाकटी बहीण मंदा, विलासची बायको.)

मालिका तिकडं चालायची, जळायचो मी इकडं.

तेवढ्यात मेहुण्याच्या मुलीचं नामकरण निघालं, घोडेगावला. सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा फोन आला.

"पावणं, कार्यक्रमाला या. विलासरावांना सांगितलंय, तेवढा डबा घिऊन या म्हनलं. लाईटीचा भरवसा न्हाई."

"आणि मी काय आणू, आप्पा?"

"तुमी? तुमी या की नुसतं."

नुसतं या! थोरल्या जावयाला! ज्यानं त्यांच्या विहिरीची मोटार तीनदा भरून दिली त्याला!

मी त्याच दिवशी कामाला लागलो. घरातली लोखंडी ट्रंक रिकामी केली (सुनंदाच्या गोधड्या जमिनीवर आल्या, त्यावरून जे झालं ते वेगळं). आत दुकानातला जुना इन्व्हर्टर आणि एक म्हातारी बॅटरी बसवली. जोडीला दुसरी बॅटरी लागत होती, ती घोडेगावला पोचल्यावर माझ्या पिकपची काढून घातली. वायर मात्र हाताला लागली ती वापरली. माणूस घाईत असला की जाड-बारीक बघत नाही.

विलास शेअर जीपनं आला. डबा मांडीवर घेऊन, शाळेच्या पोरासारखा. माझी ट्रंक पिकपमधून उतरवायला चौघं लागले. समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीनं पदर सावरत विचारलं, "कोन गेलं वो?"

बुद्धवंदना झाली, पाळण्याजवळ बायका जमल्या आणि ठरल्यासारखी लाईट गेली. मी ट्रंकेकडं धावलो, पण त्याआधीच सगळे ओरडले, "विलासराव, डबा!" विलासनं बटण दाबलं. स्पीकर सुरू, पंखे सुरू. आप्पा म्हणाले, "वा!" हा 'वा' मला लग्नापासून एकदाही मिळालेला नाही.

मग माझ्या डोक्यात एक विचार आला. डबा संपला तर?

मी एकदम उदार झालो. "अरे, सगळ्यांनी मोबाईल लावा की! विलासरावांचा डबा आहे, लाजता काय?" कूलर ओढून आणून लावला. स्वयंपाकघरात जाऊन मेहुण्याच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, शेंगदाण्याची चटणी पाट्यावर कशाला? मिक्सर लावा!" दर थोड्या वेळानं जाऊन आकडे बघायचो. विलासला वाटलं मला कौतुक आहे.

"दादा, तुमाला तर ह्यातलं लई कळत आसंल," तो म्हणाला. "ह्ये लिथियम म्हंजी नेमकं काय वो?"

"नंतर सांगतो," मी म्हणालो. (मलाही माहीत नव्हतं.)

शेवटी डब्यानं एक केविलवाणी शिट्टी मारली आणि मान टाकली. मला आतून गुदगुल्या झाल्या. "असू दे, असू दे! आपली ट्रंक कशाला आहे?" म्हणत मी सगळे प्लग ट्रंकेत घातले. कूलर, पंखे, स्पीकर, सगळं! बटण दाबलं. कूलर फिरला. मी आप्पांकडं बघितलं. आता 'वा' येणार, इतक्यात ट्रंकेतून धूर आला!

बारीक वायर जळाली होती. मी बटण बंद केलं, पण धूर निघायचा तो निघालाच, आणि आप्पांना दमा! ते खोकायला लागले ते थांबेचनात. सासूबाईंनी पंप दिला, तरी धाप कमी होईना.

"वाफेचं मशिन आना!" मेहुणा ओरडला.

मशिन आलं. लावायचं कुठं? लाईट नाही, ट्रंक जळलेली, डबा मोकळा!

"मग दवाखान्यात न्या!"

"कशात?"

"ह्यांच्या पिकपमदी!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ट्रंकेकडं बघितलं.

"पिकपची बॅटरी... आत आहे," मी म्हणालो.

सुनंदानं डोक्याला हात लावला. मी हात भाजून घेत बॅटरी काढली, पिकपला बसवली, किल्ली फिरवली. नुसतं 'टक्'. मग जेवायला बसलेली पंगत उठली आणि अख्ख्या भावकीनं खरकट्या हातांनी धक्का मारला. गाडी खोकली, तशीच आप्पांसारखी, आणि सुरू झाली.

विलासनं आप्पांना आत बसवलं, स्वतः मध्ये बसला आणि पिकपच्या लायटरच्या भोकात डब्याची वायर खुपसली. डब्यावर आकडे उजळले. त्याला मशिन जोडलं, वाफ सुरू झाली. मी गाडी हाकत होतो, घाबरलेला, डोळ्यात पाणी. गावच्या दवाखान्याच्या अलीकडंच आप्पांचा श्वास मोकळा झाला. त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"विलासराव," ते म्हणाले, "तुमच्यामुळं वाचलो बघा."

मी गिअर बदलला. दुसरं काय करणार?

डॉक्टरांनी आप्पांना सोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात मी गुपचूप तसाच डबा घेतला. विलासच्या डब्यापेक्षा एक साईज मोठा! विलास आणि मंदाला मुद्दाम संध्याकाळी जेवायला बोलावलं. डबा टेबलावर, पुसून चकचकीत. जेवणं झाली, सुपारी झाली, पण लाईट काही जाईना! एरवी दिवसाआड जाणारी लाईट त्या दिवशी लख्ख! शेवटी मी "जरा आलो" म्हणून बाहेर गेलो, मेन स्विच खाली पाडला आणि आत येऊन ओरडलो, "अरे वा, लाईट गेली!"

विलासनं खिडकीतून बाहेर बघितलं. "दादा, शेजारी तर हाय की. बसा तुमी, मी बघतो." मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत तो बाहेर जाऊन स्विच वर करून आलासुद्धा. घर उजळलं.

सुनंदा कौतुकानं म्हणाली, "बघा! विलासरावांना लाईटीतलं बी किती कळतं! तुमी पन शिका की कायतरी."