काळी चिकटपट्टी

फोटोग्राफर म्हणून माझा एकच मंत्र होता, उजेड थोडा जास्तच द्यायचा. फिल्मवर उजेड जास्त पडला तरी निगेटिव्हमध्ये सगळं शाबूत राहतं आणि प्रिंट काढताना ओढून आणता येतं. या एका मंत्रावर मी तीस वर्षं उस्ताद म्हणून मिरवलो.

मग डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच्या मागच्या स्क्रीनवर मी काळी चिकटपट्टी लावली, कारण काढलेला फोटो लगेच बघणं हे नवशिक्यांचं काम, असं माझं ठाम मत. पहिलंच काम मिळालं ते चाळीस नर्सच्या ग्रुप फोटोचं. भर दुपारी सगळ्या पांढऱ्या गणवेशात हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. मी सवयीने उजेड जास्त दिला.

घरी कॉम्प्युटरवर पाहिलं, तर चाळीस डोकी पांढऱ्या धुक्यात तरंगत होती. फोटो गडद करून पाहिला. पांढऱ्याचं राखाडी झालं, पण एका गणवेशाचं एक बटण दिसेल तर शपथ. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की गेलं.

"कॅमेराच कुचकामी आहे," मी बायकोला म्हणालो.

नाचता येईना अंगण वाकडं, असं ती तोंडावर म्हणाली नाही. चिकटपट्टी नखाने खरवडत एवढंच म्हणाली, "तीस वर्षं फिल्मने तुमच्या चुका पोटात घातल्या, आणि तुम्ही स्वतःला उस्ताद समजलात."

उरलेली चिकटपट्टी मी स्वतःच सोलायला घेतली. फिल्मखेरीज माझ्या चुका आणखी कोणी पोटात घातल्यात, हे तिने अजून काढलं नव्हतं.