कोकिळाबाईचं मैदान आणि दिल्लीची पाहणी

कोकिळा भगत ही राळेगाव तालुक्यातल्या बोरखेडीची अंगणवाडी मदतनीस. सकाळी पोरांची खिचडी, दुपारी कुणाच्या तरी वावरात निंदण नाहीतर कापसाची वेचणी, आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या पडीक जागेवर पोरींना आट्यापाट्या शिकवणं, असा तिचा दिवस. शिकवण्याचा पगार तिला कुणी देत नव्हतं आणि तिनं कधी मागितलाही नाही. मी तालुक्याचा वार्ताहर. माझ्या वर्तमानपत्रात क्रिकेटला अर्धं पान आणि आट्यापाट्यांना, जागा उरलीच तर, जाहिरातीखालची दोन बोटं. त्यावरून ती मला भेटेल तिथे धारेवर धरायची.

"त्या पोट्ट्यानं बॅट बदलली तेही तुमच्या पेपरात येते, अन् माह्या पोरी राष्ट्रीय खेळून आल्या ते येत नाही. काहून?"

यावर मी उगाच चिडायचो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर अडवायला एक खेळाडू. समोरच्यांनी हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि परत यायचं. मैदानाच्या मधोमध एक लांब उभी पाटी असते, तिला सूर म्हणतात. सुरावरची खेळाडू चपळ असली तर समोरच्याची काही खैर नसते. बॅट नाही, बॉल नाही, बूट नाहीत. विकत घ्यावं असं या खेळात काहीच नाही, त्यामुळे सरकारला तो खेळ वाटत नसावा, असं माझं मत आहे.

कोकिळाबाई लहानपणी शाळेकडून खेळली. लग्नानंतर खेळ सुटला आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर पुन्हा सुरू झाला. साडीचा काष्टा मारून ती पहिल्यांदा मैदानात उतरली तेव्हा पारावरचे लोक हसले होते. पुढे त्यांच्याच पोरी तिच्याकडे यायला लागल्या. त्यात बौद्ध वस्तीतल्या होत्या, कास्तकारांच्या होत्या, तांड्यावरची जमनी होती. सगळ्यांत तयार होती मोनाली ढोले, उपसरपंच मारोतरावांची पुतणी. बाप लवकर गेलेला, मारोतरावांनीच तिला वाढवलं. ती सुरावर उभी राहिली की मी कॅमेरा विसरायचो. मागल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या संघाला रौप्यपदक मिळालं होतं आणि त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून तिला पोलिसात जायचं होतं. वयाच्या हिशेबानं पुढची भरती ही तिची शेवटची संधी होती.

आता मेख कुठे होती ते ऐका. दिल्लीत खेळांच्या पैशाचं वाटप ठरतं तेव्हा जगभर पदकं आणणारे खेळ आधी जेवायला बसतात. मग बाकीचे. देशी खेळ अगदी शेवटच्या पंगतीला, तेही पातेल्यात काही उरलं तर. आणि आमच्या खेळाचे तर दोन राष्ट्रीय महासंघ. दोघेही म्हणणार, खरे आम्हीच. सरकारचा नियम असा की एका खेळाला एकच संघटना. ज्याला मान्यता त्याला अनुदान, आणि त्याच्याच स्पर्धांची प्रमाणपत्रं खरी. दुसऱ्याची भिंतीला लावायची. मोनालीचं पदक ज्या महासंघाचं होतं, त्यानं आपलं चालू केंद्र म्हणून बोरखेडीचं नाव दिलं होतं. दुसऱ्यानं यवतमाळात पंजाबराव चालवत असलेल्या क्रीडा मंडळाचं. दोन्ही ठिकाणं पाहायला दिल्लीहून एक निरीक्षक येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर सगळं होतं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्यात पाहणी पथकांच्या गाड्यांची धूळ खाली बसत नव्हती. एक पथक नागपूरचं, एक मुंबईचं, एक दिल्लीचं. मारोतरावांनी त्यातली कितीतरी पथकं स्वतः फिरवली होती. कोणत्या वावरात न्यायचं, कोणती बोंडं हातात द्यायची, कोणाला बोलायला पुढे करायचं, यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. ज्या गावांनी आपली पडझड नीट दाखवली त्यांना मदत मिळाली. ज्यांनी साहेबांसाठी रस्ते झाडून ठेवले, त्यांना साहेब म्हणाले, तुमचं बरं चाललंय की. हा धडा सगळ्या गावानं पाठ केला होता.

निरीक्षकांना आणायला आम्ही सकाळीच राळेगावला गेलो, कोकिळाबाई आणि मी. जाताना तिनं मारोतरावांना निरोप दिला होता, साहेब पैशाचं ठरवायला येतात, तयारी ठेवा.

निरीक्षक नागपुरात शिकलेले, त्यामुळे मराठी त्यांना चांगलं येत होतं. माणूस कमी बोलणारा, पण ऐकणारा. वाटेत कोकिळाबाई थांबायचं नाव घेईना. मैदान कसं शेणानं सारवलेलं, पाट्या कशा चुन्यानं आखलेल्या, पोरी वेचणीहून आल्या की पाठ टेकायच्या आधी सरावाला कशा येतात, अंगणवाडीच्या कपाटात ढाली कशा मावत नाहीत. ते मान हलवत होते. मला मनातून बरं वाटत होतं, आणि मला सहसा बरं वाटत नाही.

गाडी मैदानापाशी थांबली आणि कोकिळाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

पाट्या पुसून टाकलेल्या होत्या. सारवलेल्या जमिनीवर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे ढीग पडलेले, मधे बकऱ्या बांधलेल्या. कडेला पोरी ओळीनं बसलेल्या, अंगावर घरातले सगळ्यांत फाटके कपडे, माना खाली. मागे बाया तोंडाला पदर लावून उभ्या. अंगणवाडीचं कपाटही तिथे आणून ठेवलेलं, सताड उघडं आणि रिकामं. मारोतराव हात जोडून पुढे आले.

"साहेब, काहीच नाही आमच्यापाशी," ते म्हणाले. "मैदान नाही, सामान नाही. पोरी खेळूनच नाही राह्यल्या. सराव बंद आहे. खेळ मरून राह्यला, साहेब. तुम्हीच काही केलं तर होईन."

मागे एका बाईनं हुंदकाही दिला. अगदी वेळेवर.

निरीक्षकांनी कोकिळाबाईकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तर वाटेत वेगळंच सांगत होतात."

 ती मारोतरावांजवळ गेली.  "भाऊ, हे काय करून ठेवलं? ढाली कुठी आहेत?"

"कोठीत टाकल्या, ज्वारीखाली," मारोतराव हळूच म्हणाले. "तू गप राय. मले समजते पथकाचं. ढाली पाह्यल्या तर म्हणतीन, यायले कायले पायजे पैसा?"

"हे नुकसान पाहाले नाही आले हो!" ती ओरडलीच. "हे दम पाहाले आले! जो जिततो त्यालेच देतात हे. मोनालीचा घास तुम्ही मातीत घातला!"

मारोतरावांना ते कळायला थोडा वेळ लागला. माणसाला पैसा त्याच्या दैन्यावर मिळतो, हेच त्यांनी सरकारकडून इतकी वर्षं शिकलेलं. तेच सरकार दुसऱ्या खात्यात गेलं की फाटक्याला हाकलतं आणि भरल्या ताटात वाढतं, हे त्यांना कोण सांगणार होतं? मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. सरकारचा मात्र नुसता रागच आला.

कोकिळाबाईनं काष्टा खोचला आणि पऱ्हाट्या उचलून फेकायला लागली. काटक्यांनी हात ओरबाडले तरी थांबली नाही. मोनाली उठली. मग सगळ्या उठल्या. जमनीनं बकऱ्या सोडल्या. चुना आणायला वेळ नव्हता, तेव्हा पोरींनी टाचा ओढत ओढत पाट्या आखल्या. निरीक्षकांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं होतं. त्यांना संध्याकाळच्या आत यवतमाळ गाठायचं होतं, पंजाबरावांच्या मंडळात.

"थोडं थांबा साहेब," कोकिळाबाई म्हणाली. "एक डाव पाहा, मग जा."

डाव सुरू झाला. मोनाली सुरावर होती. फाटक्या बाहीच्या झग्यात, अनवाणी, ती त्या उभ्या पाटीवर अशी धावत होती की समोरच्या पोरींना पाऊल टाकावं कुठे ते कळेना. एक गडी बाद, दुसरा बाद. मघाशी पदरात रडणाऱ्या बाया आता नावं घेऊन ओरडत होत्या. निरीक्षक कुणीतरी आणून दिलेल्या खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांच्या हातातला चहा तसाच निवून गेला. मला वाटलं, वाचलो.

डाव संपल्यावर कोकिळाबाई धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, आता सांगा."

त्यांनी निवलेला चहा खाली ठेवला. "असा खेळ मी वर्षभरात कुठे पाहिला नाही," ते म्हणाले. "पण मला गुण द्यायचेत ते एका डावाला किंवा ढालींना नाही, केंद्राला. आखलेलं मैदान आहे का, रोज सराव होतो का, गाव पाठीशी आहे का. तुमचे उपसरपंच सगळ्यांसमोर म्हणाले, सराव बंद आहे, खेळ मरतोय."

"मी खोटं बोललो, साहेब!" मारोतराव पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "माह्या पोरीची शपथ, खोटं बोललो."

"मग आता खरं बोलताय, हे मी कशावरून मानू?" निरीक्षक म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

गाडी गेली. मारोतराव पऱ्हाट्यांच्या ढिगावर बसून राहिले. मोनाली त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

उन्हाळ्याच्या तोंडावर निर्णय आला. मान्यता दुसऱ्या महासंघाला मिळाली. मोनालीचं रौप्यपदक आता भिंतीवर लावायचं झालं. मी तावातावानं बातमी लिहायला बसलो, महासंघ, दिल्ली, सगळ्यांना सोलून काढणार होतो. तेवढ्यात कोकिळाबाई दारात आली, मागे मोनाली.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "पंजाबरावाची अन् तुमची वळख आहे ना? आमच्यासंगं चला यवतमाळले."

"त्याच्याकडे? कशाला?"

"यंदा त्यायच्या महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धा आहेत. त्याच्या संघातून खेळली तर हिचं प्रमाणपत्र खरं. भरतीच्या आत एवढाच एक मोका आहे."

आम्ही तिघं एसटीनं निघालो. मोनाली खिडकीबाहेर पाहत होती.

पंजाबरावांचं मैदान पाहून मी गारच पडलो. तारेचं कुंपण, दिव्यांचे खांब, नावाचा मोठा फलक, खेळाडूंना बसायला शेड. नव्हती ती फक्त सुरावर उभं राहू शकणारी पोर. त्यांनी मोनालीचा खेळ आधी पाहिला होता, त्यामुळे त्यांचे डोळे चमकले. पण माणूस मुरलेला.

"घेतो ना," ते म्हणाले. "पण बाई, आम्हाला पुढच्या वर्षी अनुदान टिकवायचं आहे. खेळाडू आमच्याच केंद्रात घडलेले दाखवावे लागतात. दुसऱ्यानं घडवलेली आणली असं दिसलं तर आमचे गुण कापतात. तेव्हा कुणीही विचारलं तरी ही इथंच शिकली. पहिल्या दिवसापासून. जमत असेल तर चाचणीला उभी करा."

मी उठलोच. "अहो पंजाबराव, लाज..."

कोकिळाबाईनं माझी बाही धरून मला खाली बसवलं. "जमते," ती म्हणाली.

"नाही जमत!" मोनाली पहिल्यांदा बोलली. "बाई, मले नाही पायजे असं."

कोकिळाबाई तिला कुंपणापाशी घेऊन गेली. मी मागे होतो, म्हणून ऐकलं. "माह्या नावानं तुले कोणी नोकरी देऊन राह्यलं का?" ती म्हणाली. "नाही ना? मंग? तुह्ये पाय माह्याच मैदानावर तयार झाले, हे तुले ठाव आहे अन् मले ठाव आहे. दिल्लीले नसलं ठाव तर नसू दे. जाय, उभी राय सुरावर."

चाचणी त्याच दुपारी होती आणि ती पाहायला मान्यता मिळालेल्या महासंघाचे दोघे पदाधिकारी आले होते. चाचणीच्या वेळी बाहेरच्या माणसांना कुंपणाच्या आत प्रवेश नव्हता, म्हणून आम्ही दोघं तारेबाहेर उभे राहिलो. मोनाली खेळली. बोरखेडीतही ती अशी खेळली नव्हती, इतकी चिडून खेळली. पंजाबरावांच्या पोरींना पहिली पाटीसुद्धा नीट ओलांडता आली नाही. पदाधिकारी टाळ्या वाजवत मैदानात उतरले.

"शाब्बास! कुठं शिकलीस गं हे?" त्यातल्या एकानं विचारलं.

पंजाबराव हसत उभे होते. मोनालीनं तारेकडे पाहिलं.  त्या माणसानं पुन्हा विचारलं.  ती खरं बोलेल याची मला भीती वाटत होती, आणि खोटं बोलेल याची जास्त.

कोकिळाबाईनं तारेवर दोन्ही हात ठेवले आणि सरावाच्या वेळी पोरींवर ओरडायची त्याच आवाजात ओरडली, "बोल ना वं पोरी!"

"इथंच," मोनाली म्हणाली. "इथंच शिकली, सर."

"अन् ह्या बाई कोण?"

मोनाली रडायला लागली होती. उत्तर कोकिळाबाईनंच दिलं.

"कोणी नाही, साहेब. गावची आहो. पोरीच्या सोबतीले आलती."