शेंदराखालचं विमान

माझ्या सासूबाईंचा थोरला भाऊ कापसावर फवारणी करणारं छोटं पिवळं विमान चालवायचा. एका पावसाळ्यात सिल्लोडच्या बाजूनं शहराकडं परत निघाला आणि आलाच नाही. बरेच दिवस शोध घेतला, पण ना विमान सापडलं ना माणूस. सासूबाईंनी पितृपक्षात त्याच्या नावानं पान कधी वाढू दिलं नाही. पान वाढलं की तो गेला असं होतं, असं त्या म्हणतात. त्याला आवडायचे म्हणून बेसनाचे लाडूही आमच्या घरात होत नाहीत. गेल्या वर्षी मात्र मला म्हणाल्या, "जमिनीतली खापरं ओळखतेस ना? मग माझा भाऊ कुठं पडला तेवढं शोध. मी जायला मोकळी होईन."

मी आयुष्यभर पुरातत्त्व शिकवलं. पुराव्याशिवाय मी शेजारणीच्या सुनेबद्दलसुद्धा मत देत नाही. आमच्या ह्यांचं बरोबर उलट. सिल्लोडच्या पुढं एका धनगर वस्तीवर आभाळातून पडलेला देव आहे, एवढं कुणीतरी सांगितलं, की मामाचं विमान सापडलं म्हणून घरभर नाचायला मोकळे!

तिघं गेलो. लिंबाखाली गुडघाभर उंचीचा, जरा वाकलेला एक पत्रा उभा होता. त्यावर बोटभर जाडीचा शेंदूर. तिथल्या घरातल्या बाईनं सांगितलं, "आमच्या आजेसासऱ्याला वढ्यात घावला. मेंढरं चारत व्हते. असा पत्रा इकडं कुणाचाच नव्हता, मंग आभाळातूनच आला म्हणायचा."

ह्यांनी खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढून लावलं. ते खाली पडलं.

"बघ! लोखंड नाही. विमानाचाच पत्रा!"

"एवढ्या जाड शेंदरावरून ते लोखंडालाही चिकटलं नसतं," मी म्हटलं. "आणि ओढ्यानं वाहून आणलेल्या वस्तूवरून विमान कुठं पडलं ते कसं कळणार?"

"मग शेंदरातही उठून दिसणारे हे रिव्हेट?"

"ट्रकला नसतात?"

आमचं असं जुंपलं, की मेंढरंसुद्धा बघायला लागली. शेवटी मी वैतागून पर्समधली खरवडणी काढली. शेंदराखाली एखादा आकडा असला तर वाद मिटला असता.

त्या बाईनं माझा हात धरला. "बाई, देवाला खरवडता व्हय? कवच आपसूक सुटतं. सासऱ्याच्या वक्ताला एकदा सुटलं व्हतं. पुन्यांदा सुटलं की फोन करते."

"तेव्हा खाली काय होतं?"

"नमस्कार केला न् पुन्हा शेंदूर लावला. वाचतंय कोण?"

मी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची पुढं ओढली. आता त्यांनी विचारलं, "ह्याला जेवायला देता का गं?"

"रोज. घरात जे शिजंल ते आधी त्याला. लई लांबून आलाय, उपाशी कसा ठेवायचा?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. परतीच्या वाटेवर, फुलंब्री आल्यावर त्या म्हणाल्या, "घरी बेसन आहे का बघ."

"अहो आई, तो मामांच्याच विमानाचा पत्रा आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही."

"नसू दे. देवाला नैवेद्य दाखवायला तो मेलेला असावा लागत नाही."

मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

त्या बाईचा फोन आला म्हणून परवा पुन्हा गेलो. शेंदराचा एक कोपरा सुटायला लागलाय. आत पिवळा रंग दिसतो, असं हे म्हणतात. तो तेलाचा डाग आहे, असं मी म्हणते. सासूबाईंनी आमच्याकडं लक्षच दिलं नाही. डबा उघडून त्यांनी लाडू पत्र्यासमोर ठेवला.

"दादा, खाऊन घे," त्या म्हणाल्या. "सांगायचं ते सावकाश सांग. मला घाई नाही."