फायनलमधला सत्कार

मला आता शालीचा वाससुद्धा सहन होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून ती बाहेर काढली की नव्या कापडाचा तो वास येतो आणि मी नाक दाबून बाजूला होतो. घरात कपाटभर शाली पडल्यात. बायको म्हणते, दुकान काढा.

मी उलव्याचाच. इथे टॉवर नव्हते तेव्हा सुकलेल्या मिठागरावर आम्ही फुटबॉल खेळायचो. मी बॅकला. कसा खेळायचो म्हणाल, तर आमचाच गोली मला शिव्या घालायचा. पुढे न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे चिकटलो, मग एक ट्रेलर घेतला, मग आणखी, आणि आज ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे. तेव्हापासून मी माइकवर 'महान फुटबॉलपटू' झालोय. ट्रेलर वाढत गेले तसा माझा जुना खेळही सुधारत गेला, म्हणा ना!

गेल्या हिवाळ्यात गावच्या स्पर्धेच्या फायनलला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. एकीकडे आमचा उलव्याचा संघ, दुसरीकडे मोरा बंदराची कोळ्यांची पोरं. हाफ टाइमला एक-एक. काय मॅच चालली होती! मी खुर्चीच्या टोकावर येऊन बसलो होतो. तेवढ्यात माइक खरखरला, "आता मान्यवरांचा सत्कार."

झालं! आमच्याकडे ही रीतच आहे. फायनल मध्येच थांबवायची आणि सत्कार उरकायचे, कारण मॅच संपली की पब्लिक पळतं. आधी माझा. मग माजी सरपंच, मंडपवाला, बिल्डर, बिल्डरचा मेव्हणा. मेव्हण्याने काय दिवे लावले होते कुणास ठाऊक! प्रत्येकाला शाल, नारळ, फोटो, वर त्याचे 'दोन शब्द'. दोन शब्द कसले, पुराण! मैदानाला लाइट नाहीत आणि सूर्य खाली चाललाय, याचं स्टेजवर एकालाही काही नाही. शी! बसल्या जागी किळस आली मला.

खाली पोरं घाम सुकून थंड पडत होती. शेवटी मोऱ्याचा कप्तान स्टेजपाशी आला.

"शेठ, अंदार परला का हे कप दोघांना वाटून देतान. आमाला वाटलेला कप नको. आमाला खेलाचा हाय."

मी कमिटीच्या अध्यक्षाला हळूच सांगितलं. तो हसला.

"टेन्शन नका घेऊ शेठ. संयुक्त विजेते जाहीर करू. कोणी नाराज नको."

नाराज नको म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यापलीकडेच माझं पार्किंग. ड्रायव्हरना फोन लावला. ट्रेलर येऊन मैदानाच्या कडेला ओळीने उभे राहिले, हेडलाइट लागले, मैदान लख्ख झालं. पोरं ओरडत आत धावली. आणि माइकवर काय ऐकू यावं?

"शेठनी उजेड दिला! त्याबद्दल शेठचा पुन्हा एकदा सत्कार!"

अरे, लाज विकून खाल्लीत काय? दुसरी शाल घेऊन दोघं माझ्याकडे निघालेसुद्धा. मी स्टेजवरून उतरलो तो सरळ पंचापाशी गेलो. म्हटलं, "शिट्टी मार." तो शाळेतला मास्तर. "साहेब, कमिटीने सांगितल्याशिवाय कसं..." मी शिट्टी त्याच्या हातातून घेतली आणि जीव खाऊन फुंकली.

मॅच सुरू झाली. मी लाइनवर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. अगदी शेवटी मोऱ्याच्या कप्तानानेच गोल मारला. माझं गाव हरलं आणि मी वेड्यासारखा नाचलो.

दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर फोटो आला. स्टेजवर माझी रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर शाल, सीटवर नारळ आणि दोन्ही बाजूंना हात जोडून उभी असलेली कमिटी. कोणी बघितलं तर वाटावं, मी वारलो. खाली लिहिलेलं, 'शेठचा यथोचित सत्कार'. त्याखाली नुसते टाळ्यांचे हात. मी वर-खाली करून सगळा ग्रुप चाळला. मोऱ्याची पोरं जिंकली, हे कुठेच नव्हतं.